राजापेठच्या सापाचं मूळ गाव

ज्याच्या घरी जाताना लोक चपला धुऊन जात, असा साऱ्या वऱ्हाडात मी एकच माणूस पाहिला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा थोरला काका निघाला. आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की नाव मागाहून विचारतात, आधी गाव विचारतात. गाव कळलं की मग आडनाव, मग मामाचं गाव, आणि तिसऱ्या प्रश्नाला कुठेतरी सोयरीक निघतेच. काकाजी मात्र गाव विचारत नसत. ते समोरच्याच्या चपलांकडे बघत, टाचेला चिकटलेला मातीचा खडा नखाने काढत, दोन बोटांत चुरडत आणि त्याचं गाव त्यालाच सांगत. सांगताना चेहऱ्यावर असा भाव, की हे गाव तुमचं नाही असं म्हणून तर पाहा!

मुलगी बघायला आम्ही पातूरहून अमरावतीला गेलो, तेव्हा राजापेठेतल्या त्या घराच्या ओसरीवर काकाजी खुर्ची टाकून बसले होते. मी चपला काढल्या आणि आत गेलो. चहा झाला, पोहे झाले, मुलगी येऊन बसली, आणि माझे वडील आमच्या घराण्याची थोरवी सांगू लागले, तेवढ्यात काकाजी माझी एक चप्पल हातात घेऊन आत आले. "पावने पातूरचे, हे त बराबर," ते म्हणाले, "तिकडचा मुरूम लगेच वयखू येते. पन ह्या टाचेले कायीभोर माती हाय. मधात बाळापूरले काहून गेलते?" बाळापूरला माझी एक लांबची आत्या राहते आणि मुलीकडच्यांची चौकशी करायला आम्ही आदल्या दिवशी तिच्याकडे वाकडी वाट करून गेलो होतो. हे अर्थात सांगायचं नव्हतं. वडील खोकले, आईने पदर सारखा केला, मी पोह्यांतले शेंगदाणे मोजू लागलो. काकाजी म्हणाले, "चौकशी केली ना आमची? करावंच लागते, पोरीचा जलमाचा सवाल असते. मंग, काय सांगतलं आमच्याबद्दल?" माझ्या वडिलांना खोटं बोलायची सवय नव्हती. ते म्हणाले, "सांगतलं, घर चांगलं हाय. एक काका जरासे वेगळे हायत." काकाजींनी चप्पल खाली ठेवली. "बराबर सांगतलं," म्हणाले, आणि लग्न तिथेच ठरलं.

लग्नानंतर मी अमरावतीच्याच एका शाळेत शिकवू लागलो आणि संध्याकाळी काकाजींच्या ओसरीवर असायचो. त्यांची सगळी नोकरी अकोल्याच्या एका माती परीक्षण प्रयोगशाळेत गेली होती. तपासून झालेले मातीचे नमुने फेकून देतात. काकाजींना ते फेकवत नसत. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरून, वर गावाचं नाव चिकटवून ते घरी आणत. ओसरीतलं कपाट अशा बाटल्यांनी ठासून भरलं होतं: दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बार्शीटाकळी, चिखलदरा, आणि ज्यांची नावं एसटीच्या पाटीवरही नसतात अशी कितीतरी खेडी. काकू आल्यागेल्याला सांगत, "लोकायच्या कपाटात भांडे राहतात, आमच्या कपाटात वावरं हायत." काकाजींना ती तक्रार वाटत नसे, सन्मान वाटे.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. दरवर्षी नवं बियाणं, नवं औषध, नवा रोग. लोक खेडी सोडून अमरावतीत येत होते, आणि राजापेठेत एका खोलीत चारचार बिऱ्हाडं दिसू लागली होती. जे गावी राहिले होते ते रुमालात माती बांधून काकाजींच्या ओसरीवर येत. निवृत्तीनंतरही येत. काकाजी त्यांना बसवून काचेच्या बशीत चिमूटभर माती घ्यायचे, तिच्यावर ड्रॉपरने ॲसिडचा एक थेंब सोडायचे आणि कान बशीजवळ नेऊन ऐकायचे. मातीत चुना असला की थेंब पडताच ती बारीक चरचरते. माणसं श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. पण "माती खराब हाय" असं त्यांनी एकाही माणसाला सांगितलेलं मी ऐकलं नाही. "माती खराब नसते," ते म्हणायचे, "तिले काय पायजे ते आपल्याले समजत नाई." आणि दुसरं एक वाक्य होतं, ते तर दिवसातून दहा वेळा यायचं: "मानूस खोटं बोलते. माती नाई बोलत." हे दुसरं वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच वाक्याने त्यांचा घात केला.

त्याच वर्षांत दुतोंड्या सापांचं खूळ आलं. हा बिचारा मातीत राहणारा, बिनविषारी, शेपटीकडून आणि डोक्याकडून सारखाच जाड असा साप. त्याच्यामुळे गुप्तधन सापडतं असं कुणीतरी उठवलं आणि दलालांनी वावरं उकरून त्याला पोत्यांत भरायला सुरुवात केली. ही पोती पकडली गेली की वनखात्यापुढे प्रश्न पडे: हे सोडायचे कुठे? तिथे काकाजींची आणि रफीकभाईंची जोडी कामाला आली. रफीकभाईंचं राजापेठेत पंखे आणि मोटारी दुरुस्त करायचं दुकान होतं. साप धरायचा त्यांना नाद होता आणि नागाला ते लग्नातल्या रुसलेल्या व्याह्यासारखं समजावत पिशवीत घालत. काकाजी मात्र सापाला भयंकर भीत. त्यांनी आयुष्यात एकाही सापाला बोट लावलं नाही. रफीकभाई साप धरून उभे राहत, आणि काकाजी चार हात लांब खुर्चीवरून हुकूम सोडत, "शेपटीखाली धुवा. हां. आता पोटाले. पानी सांडू नोका, बशीत घ्या." मग त्या गढूळ पाण्याची बशी हाती आली की भीती संपायची. गाळ बसेपर्यंत वाट बघायची, थेंब टाकायचा, ऐकायचं, कपाटातल्या दोनचार बाटल्या काढून रंग ताडून पाहायचा, आणि निकाल द्यायचा: "हा दर्यापूरकडचा. खारपाणपट्टा, मातीच खारट. आन हा दुसरा पातूरचा, जावईबुवायच्या भावकीतला." त्या निकालाप्रमाणे प्रत्येक दुतोंड्या त्याच्या त्याच्या गावी सोडला जाई. कुणी म्हणालं, की सगळे एकाच जागी सोडून मोकळे व्हा, तर काकाजी खवळत. "तुमाले उचलून परगावी टाकलं त तुमी दुसऱ्या दिवशी हॉटेल शोधसान. त्यानं काय शोधाव? त्याले त्याचं बीळ पायजे." रफीकभाई हसून म्हणायचे, "अपना काम पकडने का. गांव बताने का काम काकाजी का." मला या माणसाचा अभिमान वाटायला लागला तो तेव्हापासून. बाकी जावई सासऱ्यांच्या जमिनी सांगतात. मी सांगायचो, की आमचे काकाजी सापाचं गाव सांगतात.

आणि मग तो आला. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वर केमिस्ट्रीचे एक सर भाड्याने राहत होते. क्लास चालेना म्हणून ते एक दिवस खोली सोडून गेले. घरमालकीण झाडायला गेली, तर कोपऱ्यात चादर टाकलेली काचेची पेटी. चादर उचलली आणि बाईंनी जी किंकाळी फोडली ती खालच्या क्लासमधल्या सगळ्या पोरांनी ऐकली. त्या दिवशीचा तास अर्थातच झाला नाही. रफीकभाई गेले. पेटीत हाताच्या मनगटाएवढा जाड साप वेटोळं घालून बसला होता. अंगावर पाठभर तपकिरी चट्टे आणि शेपटीकडे ते लालभडक झालेले. रफीकभाईंनी त्याला दोन्ही हातांत उचललं तर त्याने फुत्कारसुद्धा टाकला नाही. उलट गरम हात मिळाल्यावर जरा सैलच झाला. "काकाजी, ये अपने यहां का नहीं है," रफीकभाई ओसरीवर येऊन म्हणाले. "असा चट्टा मी बापजन्मी पाहिला नाई."

गल्लीचं एकमत झालं होतं, की अजगराचं पिल्लू आहे, मेळघाटात सोडून द्या. पण वनखात्याचे साहेब नवे होते आणि काकाजींना मानत होते. त्यांनी आठ दिवस दिले आणि विचारलं, "कुठला आहे, सांगता?" काकाजी म्हणाले, "संध्याकायपर्यंत सांगतो." सापाला धुतलं. बशीतलं पाणी जसंच्या तसं. पुन्हा धुतलं, शेपटीखाली, हनुवटीखाली, पोटाच्या प्रत्येक पट्टीखाली. पाणी नळाच्या पाण्यासारखं स्वच्छ. मातीचा एक कणसुद्धा नाही. एवढ्या वर्षांत काकाजींच्या बशीत काही आलं नाही असं प्रथमच घडलं. त्यांनी बशी उजेडाकडे धरली, तिरकी करून पाहिली. "जावईबुवा," ते हळू आवाजात म्हणाले, "ह्याले गावच नाई."

रफीकभाईंच्या घरी लहान मुलं, म्हणून पेटी काकाजींच्या अंगणात आली. काकूंनी आधी तांडव केलं. "जावई आला तरी तीन दिसाच्या वर ठेवत नाई मी, आन ह्याले आठ दिवस?" मग दुसऱ्या दिवसापासून त्या पेटीपुढून जाताना "उठले का, साहेब?" असं विचारू लागल्या. काकाजींनी इकडे शोध सुरू केला. केमिस्ट्रीच्या सरांचा नंबर मिळवला. सर ओशाळून म्हणाले, की पुण्यातल्या एका हौशी माणसाकडून वीतभर असताना आणला होता, नव्या गावी कुणी ठेवू देईना म्हणून सोडून आलो. पुण्याच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, माझ्याकडेच जन्मला, याचे आईबापही पेटीतच जन्मले, ते मी मुंबईच्या एकाकडून घेतले. मुंबईच्या माणसाचा फोन बंद. पेटीतून पेटीत, एवढाच पत्ता लागला. मग आम्ही राजापेठेतल्या सायबर कॅफेत गेलो. काकाजी खुर्चीत, मी उभा, मागे रफीकभाई. तिथे कळलं, की हा अजगर नव्हेच, हा बोआ. याची मुळं समुद्रापलीकडे, दक्षिण अमेरिकेतल्या रानांत. तिथल्या प्रत्येक मुलखातल्या बोआचं शेपटीचं तांबडं वेगळं, पाठीवरच्या चट्ट्यांची संख्या वेगळी. हे वाचून काकाजींना हुरूप आला. घरी येऊन चट्टे मोजले. रफीकभाईंचे भरले एकोणीस, काकाजींचे वीस. मानेजवळच्या अर्धवट चट्ट्याला चट्टा म्हणावं की नाही, यावर दोघांचं दोन दिवस बोलणं बंद होतं. शेवटी काकूंनी मोजले आणि अठरा सांगितले, तेव्हा कुठे दोघे एक झाले.

पण कॅफेवाल्याने छापून दिलेल्या कागदात शेवटी एक कडू परिच्छेद होता, तो मी त्यांना मराठीत सांगितला: पिढ्यान्पिढ्या पेटीत वाढवलेल्या सापांत एका मुलखाचा नर आणि दुसऱ्या मुलखाची मादी अशी सरमिसळ झालेली असते, तेव्हा अशा सापाचं मूळ ठिकाण नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. काकाजींना तो अपमान वाटला. "माय कोन्या गावची, बाप कोन्या गावचा, काईच मालूम नाई? मंग ह्यायची सोयरीक जमवली कोनं?" त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

आल्यापासून सापाचे डोळे दुधाळ होते; ते निवळले आणि सहाव्या दिवशी त्याने कात टाकली. ऊन मिळावं म्हणून रफीकभाईंनी त्याला अंगणात मोकळं सोडलं होतं. मी शाळेतून तिथे पोचलो तेव्हा काकाजी ती कात बशीत धूत होते, हातमोजे घालून, कारण कात झाली तरी ती सापाची. पाणी लाल झालं. काकाजी उभे राहिले. गाळ बसू दिला, थेंब टाकला. चरचर नाही. रंग ताडला: चिखलदऱ्याच्या बाटलीच्या जवळपास जाणारा, पण त्याहून गडद. कपाटातल्या सगळ्या बाटल्या झाल्या. एकाशीही जुळेना. "वऱ्हाडातली नाई!" ते ओरडले. "जुन्या कातीत लपून बसली होती! पेटीत जलमला म्हने. जावईबुवा, मानूस खोटं बोलते, माती नाई बोलत. हा रानातला हाय. तिकडच्या लाल रानातून धरून आनला ह्याले!" मी त्यांना मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. रफीकभाईंनी पेढे आणले. एका वार्ताहराने 'काकांनी लावला सापाच्या देशाचा शोध' अशी चौकट छापली, आणि मी तिची कात्रणं शाळेत वाटली.

काकाजींनी साहेबांना लेखी दिलं: साप परदेशी लाल रानातला, रानातून पकडलेला, सबब त्याला त्याच्या गावी पोचवावा. साहेब हसले. म्हणाले, "समुद्रापलीकडे कसा पाठवू काकाजी? तो आपल्या आवाक्यातला नाही. पण रानातलाच आहे म्हणता, तर रानात जगेल. माती जवळपास चिखलदऱ्याची. चिखलदऱ्याखालच्या रानात सोडू." काकाजी क्षणभर घुटमळले, ते मी पाहिलं. परगावी सोडू नये हा त्यांचाच नियम. पण चौकट छापून आली होती, पेढे वाटून झाले होते. "लाल रान ते लाल रान," ते म्हणाले. "जमन." दुसऱ्या दिवशी सकाळी जीप निघायची ठरली.

सकाळी सातला माझ्या दारावर थाप पडली. दारात काकाजी, पायांत चपला नाहीत, हातात बशी. बशीत लाल गाळ. "गाडी काढा," ते म्हणाले. स्कूटर सुरू केल्यावर मागून त्यांनी सांगितलं. पहाटे जीप साप घेऊन गेली, सोबत रफीकभाई गेले, आणि अंगण झाडता झाडता काकू कडाडल्या होत्या, "माह्या तुयशीचा गेरू कोनं पुसला?" तुळशीच्या कुंडीला काकू दर आठवड्याला गेरू लावत. कुंडीच्या एका बाजूला खालपासून वरपर्यंत गेरू खरवडून निघाला होता, वेटोळ्या-वेटोळ्यांनी. कात टाकताना साप खरबरीत जागेला अंग घासतो. त्याने घासलं होतं ते कुंडीला. साऱ्या वऱ्हाडाच्या मातीची बाटली कपाटात होती; नाक्यावरच्या किराणा दुकानात पुडीने मिळणारा गेरू तेवढा काकाजींनी कधी तपासला नव्हता.

"म्हंजे ते केमिस्टरीवाले सर खरं बोलत होते," काकाजी माझ्या पाठीमागे बोलत होते, माझ्याशी कमी आणि स्वतःशी जास्त. "पेटीतच जलमला तो. त्यानं जलमात पानी बी वाटीत पेलं. रानात उंदीर दिसला त वाट पाहीन, कोनी चिमट्यानं देते का. मेळघाटाच्या थंडीत आठ दिवस नाई काढाचा. आन मी लिहून देल्लं, रानातला हाय म्हनून." परतवाड्यापर्यंतचा तो रस्ता मी शेकडो वेळा केला असेन. एरवी काकाजी मागे बसले की दर मैलाला "आता माती बदलली", "आता नदीची लागली" असं चालू असे. त्या दिवशी त्यांनी रस्त्याकडेच्या मातीकडे पाहिलंसुद्धा नाही. आसेगाव मागे पडल्यावर म्हणाले, "अजून जोरात चालत नाई का हे?"

जीप परतवाड्यात चहाला थांबलेली सापडली. गल्लीतल्या निसर्गप्रेमी मंडळाचा फलक बॉनेटला बांधला होता, तो चौकटवाला वार्ताहर कॅमेरा घेऊन आला होता, रफीकभाई पेटीवर हात ठेवून मागे बसले होते. काकाजी स्कूटरवरून उतरले, अनवाणी, केस उभे, आणि थेट साहेबांसमोर बशी धरून उभे राहिले. चहाच्या टपरीवरची माणसंही वळून बघू लागली. मला वाटलं, बाजूला घेऊन हळूच सांगतील. पण ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. "साहेब, माही चूक झाली. ही परदेशातली माती नोय, माह्या घरच्या तुयशीचा गेरू हाय. हा साप पेटीतलाच हाय. माती खोटं नाई बोलली, मी वाचाले चुकलो. माहा कागद फाडा आन ह्याले वापस घ्या." वार्ताहराने विचारलं, "काका, पण छापून आलंय ते?" "मंग हे बी छापा," काकाजी म्हणाले. मंडळातला कुणीतरी खुदकन हसला. "गेरू नाई वयखला म्हंते!" तेव्हा रफीकभाई जीपमधून खाली उतरले आणि त्या हसणाऱ्यासमोर जाऊन म्हणाले, "भाई, तुम्हारे घर का गेरू तुम पहचानते क्या?" पुन्हा कुणी हसलं नाही.

मी आयुष्यात पुष्कळ माणसांना बक्षीस घेताना पाहिलं आहे, फुलांच्या हारांत बुडालेलं पाहिलं आहे. पण परतवाड्याच्या त्या टपरीसमोर अनवाणी उभं राहून स्वतःचा निकाल खोडणाऱ्या काकाजींकडे बघून मला जो अभिमान वाटला, तसा पुन्हा वाटला नाही. हा माझा काकासासरा आहे, असं मी तिथल्या चहावाल्याला उगीचच सांगितलं.

साप परत आला. साहेबांनी खटपट करून एका प्राणिसंग्रहालयात त्याची सोय लावली, उबदार पेटी आणि वेळच्या वेळी उंदीर. त्याला न्यायला गाडी आली तेव्हा काकूंनी पेटीवरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. फॉर्म काकाजींच्या ओसरीवरच भरला गेला. 'मूळ ठिकाण' या रकान्यापाशी साहेबांचं पेन थांबलं. "अज्ञात लिहितो," ते म्हणाले.

"अज्ञात काहून?" काकाजी म्हणाले. "मानसाचं बी गाव कसं ठरवते आपुन? जिथं पहिल्यांदा मातीत लोयला, ते त्याचं गाव. ह्याच्या मायबापाले माती दिसली नाई. ह्यानं पहिल्यांदा मातीले आंग लावलं ते माह्या आंगनात. आठ दिवस मी ह्याचं गाव जगभर हुडकून राह्यलो, आन ते बशीत पडलं होतं." साहेबांनी रफीकभाईंकडे पाहिलं. रफीकभाई म्हणाले, "लिखो साब. काकाजी का बताया हुआ गांव आज तक गलत नहीं निकला." आणि साहेबांनी लिहिलं: राजापेठ, अमरावती. त्या फॉर्मची एक प्रत अजून माझ्याकडे आहे.

काकू गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलाने काकाजींना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर. कपाट काही तिथे मावलं नाही. बाटल्या रफीकभाईंच्या दुकानात पंख्यांच्या मागे आहेत, आणि धूळ पुसण्याच्या मिषाने ते त्या अधूनमधून बघतात. तुळशीची कुंडी मात्र काकाजींनी बसमध्ये मांडीवर घेऊन नेली.

गेल्या महिन्यात मी पातूरहून थेट पुण्याला गेलो. काकाजी खाली फरशीच्या रस्त्यावर फिरून आले होते आणि न्हाणीत पाय धूत होते. मला पाहून त्यांनी हाक मारली. "या, जावईबुवा. हे पाहा." परातीत पाय बुडवून ते उभे होते आणि परातीतलं पाणी स्वच्छ होतं. "एक कन नाई," ते म्हणाले आणि हसले. "माहं बी पानी आता तसंच निघते." तेवढ्यात त्यांचं लक्ष दाराकडे गेलं, जिथे मी चपला काढल्या होत्या. ओल्या पायांनी जाऊन त्यांनी एक चप्पल उचलली, टाचेचा खडा नखाने काढला, गॅलरीत नेऊन उजेडात दोन बोटांत चुरडला. "पातूर," ते म्हणाले. "ह्या बारीले बाळापूर नाई." ती चिमूटभर माती त्यांनी खाली टाकली नाही. गेरू लावलेल्या कुंडीत, तुळशीच्या बुंध्याशी सोडली आणि बोटाने हळूच दाबली.

निघताना ते लिफ्टपर्यंत पोचवायला आले. दार बंद होता होता म्हणाले, "पुढच्या बारीले बी येजा. आन येतानी चपला धुऊ नोका."